हार्ड लिमिट, चार टक्के

यंत्र शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता निवृत्त होणार होतं. बस कंपनीकडे यंत्राच्या निवृत्तीचा वेगळा फॉर्म नव्हता, म्हणून माणसांचाच दिला होता. सिस्टीमवाल्याने तो मुकाट्याने भरला. वैवाहिक स्थिती: लागू नाही. अवलंबून असलेल्या व्यक्ती: तीन हजार शंभर ड्रायव्हर. शिल्लक रजेच्या रकान्यात त्याने 'एकही घेतलेली नाही' असं लिहिलं, तर आस्थापना विभागाने फॉर्म परत पाठवला. आधी रजा संपवायला लावा, मग निवृत्त करा, असा शेरा मारून. शेवटी यंत्राला कागदोपत्री चार महिने रजेवर पाठवलं, आणि त्या चार महिन्यांतही ते रोज कामावर होतं याची कोणी दखल घेतली नाही.

सिस्टीमवाला म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या थंड खोलीत बसून हे कपाटाएवढं युनिक्सचं यंत्र, म्हणजे कंपनीचा मोठा संगणक, सांभाळणारा माणूस. वय चौतीस. खोलीतला गारवा यंत्रासाठी होता, माणसासाठी नाही. त्यामुळे तो बारा महिने स्वेटर घालून बसे. स्वेटर वडिलांनी विणलेला. एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं लांब.

फॉर्मचं शेवटचं कलम असं होतं: यंत्रावरील सर्व क्लास व त्यांच्या लिमिटा यांची यादी, तीन प्रतींत.

घरात न्हाणीघर एक आणि माणसं दहा असली की आंघोळीचे नंबर लावतात, त्यातलाच हा प्रकार. एकाच यंत्रावर पन्नास कामं चालतात. कोणी कोणाच्या डोक्यावर बसू नये म्हणून कामांचे क्लास करायचे आणि प्रत्येक क्लासला यंत्राच्या ताकदीतला वाटा ठरवून द्यायचा. किमान इतका मिळेलच, कमाल इतकाच. यादी काढायला एका ओळीची कमांड पुरते आणि ती कोणीही देऊ शकतं. परवानगी लागते ती बदलायला.

गुरुवारी दुपारी त्याने कमांड दिली. आधी यंत्राचे स्वतःचे पाच क्लास आले. मग त्याने केलेले: अहवाल, तिकीट, हजेरी, डिझेल. आणि दहावा.

नाव: तात्पुरता. किमान: शून्य. सॉफ्ट लिमिट: चार टक्के. हार्ड लिमिट: चार टक्के. वर्णन: फक्त आज संध्याकाळपर्यंत.

वर्णनाशेजारी तारीख होती. आठ वर्षांपूर्वीचा मंगळवार.

सिस्टीमवाल्याने आकडे परत वाचले. सॉफ्ट लिमिट चार म्हणजे, बाबा रे, गर्दी असेल तेव्हा चारावर भागव, पण यंत्र मोकळं असेल तर घे हवं तेवढं. हार्ड लिमिट चार म्हणजे यंत्र ओस पडलेलं असो, माश्या मारत बसलेलं असो, तुला चाराच्या वर एक कण मिळणार नाही. आकडा सॉफ्टच्याच रकान्यात भरायचा होता. घाईत दोन्हीकडे भरला गेला होता.

आणि या क्लासात काम एकच बसवलेलं होतं. बाईंचा प्रोग्राम.

"झाली का यादी?" दारातून आवाज आला. साहेब थंड खोलीत पाऊल टाकत नसत. यंत्रातून किरणं निघतात आणि केस जातात असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. केस जाऊन जमाना झाला होता, पण तत्त्व म्हणून ते दारातच थांबत.

"झाली, साहेब."

"माझा क्लास वर आहे ना?"

"सगळ्यात वर. अहवाल. किमान चाळीस टक्के."

"वा!" साहेबांची छाती दोन इंच फुगली. त्यांचा मासिक प्रगती अहवाल बंद होऊन तीन वर्षं झाली होती. चाळीस टक्के मात्र अजून त्याच्या नावावर होते. "आणि हा खालचा कोण? तात्पुरता?"

"आहे एक. जुना."

"आठ वर्षं तात्पुरता? कँटीनच्या छपरासारखं झालं की हे. काढून टाक. वर कोणी विचारलं तर मी काय सांगू? कागद कसा सुटसुटीत असावा. आणि हे बघ, नवं यंत्र तुझ्याकडे द्यायचं म्हणतोय मी. यादी गेली की लगेच शिफारस."

साहेब गेले. सिस्टीमवाल्याने क्लास काढून टाकायची ओळ टाइप केली. एंटर मारायचं तेवढं राहिलं. मग तो चहा प्यायला गेला. परत आला तेव्हा ओळ तशीच उभी होती. तो परत चहा प्यायला गेला. चौथ्या चहाला कँटीनवाल्याने विचारलं, "घरी काही झालंय का?"

घरी काही झालं नव्हतं. झालं होतं ते इथेच, आठ वर्षांपूर्वी. नोकरीला लागून सहा महिने झाले होते तेव्हा, आणि त्याला काही म्हणजे काही येत नव्हतं. जे आलं ते बाईंनी शिकवलं. बाई प्रोग्राम लिहीत. समोरच्याला खुर्चीत बसवून स्वतः मागे उभ्या राहत आणि चुकलं की म्हणत, "हं. आता हे यंत्राला समजावून दाखव बघू."

त्या मंगळवारी बाईंच्या मोठ्या प्रोग्रामची पहिली पूर्ण चाचणी होती. तीन हजार ड्रायव्हरांच्या ड्युट्या अशा लावायच्या की दोन पाळ्यांच्या मध्ये कोणी डेपोत ताटकळत बसू नये. एका डेपोवरून हिशेब करून बाई म्हणाल्या होत्या, पंचवीस मिनिटं लागतील. नेमका त्याच वेळी साहेबांचा अहवाल अडकला. साहेब दारातून ओरडत होते. सिस्टीमवाल्याने दोन मिनिटांत क्लास केला, बाईंचं काम त्यात ढकललं, अहवाल निघाला, साहेब गेले. संध्याकाळी क्लास काढायचा होता. पण संध्याकाळी त्याची दाढ ठणकायला लागली आणि तो दाताच्या डॉक्टरकडे गेला. दाढ काढली. क्लास राहिला.

चार टक्के म्हणजे पंचविसावा हिस्सा. पंचवीस मिनिटांचे झाले साडेदहा तास. ऑफिस नऊला उघडे आणि सहाला दिवसाची सगळी कामं बंद करून यंत्र रात्रीच्या कामांना दिलं जाई. त्यामुळे बाईंचा प्रोग्राम रोज शहाऐंशी टक्क्यांवर मरायचा. त्याच्या पुढचे चौदा टक्के कोणी कधी पाहिलेच नाहीत.

समितीपुढे दाखवायचा दिवस आला. सात जण खुर्च्या मांडून बसले. दहाला सुरू केलं. अकरापर्यंत सगळे पडद्याकडे बघत होते, बारापर्यंत घड्याळाकडे, आणि जेवणानंतर एक जण उघडउघड झोपला. पाच वाजता पडद्यावर सदुसष्ट टक्के होते. समितीचे अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "बाई, यापेक्षा आमचा ड्रायव्हर चालत आला असता."

सगळे हसले. सिस्टीमवालाही हसला. हे त्याला गुरुवारी, चौथ्या चहाच्या वेळी आठवलं.

समितीने बाहेरून ड्युट्या लावायचं तयार पॅकेज आणायचं ठरवलं. ते येईपर्यंत बाईंना प्रोग्राम सुधारायला दोन महिन्यांची मुदत मिळाली. त्यांनी प्रोग्राम चार वेळा पहिल्यापासून लिहिला. मधे एकदा, तो डबा खात असताना, त्या त्याच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. "अरे, माझ्या कामावर कसली लिमिट तर नाही ना?"

"नाही हो, बाई," तो म्हणाला होता. बघितलं नव्हतं. तोंडात घास होता.

मुदत संपली तशी पॅकेज आलं आणि बाईंची बदली तळघरात, स्टेशनरी विभागात झाली.

गुरुवारी संध्याकाळी घरी वडील खुर्चीत बसून विणत होते. आज त्यांना सुट्टी होती. वडील याच कंपनीत ड्रायव्हर. पॅकेज आल्यापासून त्यांची ड्युटी सकाळी पाच ते नऊ आणि संध्याकाळी चार ते आठ. मधले सात तास डेपोच्या बाकावर. डेपो घरापासून दीड तासावर, त्यामुळे येऊन जायलाही परवडत नसे. पहिलं वर्ष त्यांनी शिव्या देण्यात घालवलं. दुसऱ्या वर्षी विणायला शिकले. आता घरात एकोणीस स्वेटर होते आणि शेजारीपाजारी त्यांना बघून दार लावून घेत.

"काय चाललंय, बाबा?"

"गळा." वडिलांनी वर पाहिलं नाही. "ज्या गाढवाने हे वेळापत्रक आणलं ना, त्याला एकदा त्या बाकावर बसवायला पाहिजे. सात तास. मधला खिळा वर आलाय, त्याच्यावर."

"समजा, बाबा, चुकून झालं असेल कोणाकडून तर?"

"मग त्यानेही चुकून माझ्या बससमोर यावं. माझी हरकत नाही." त्यांनी टाके मोजले. "का? कोण आहे?"

"कोणी नाही. सहज."

"तुमच्या ऑफिसात सहज काही होत नाही. मला सहज रजा मागून बघायचीय एकदा."

शुक्रवारी दुपारी दोन वाजता तो तळघरात उतरला. क्लास काढून टाकायची ती ओळ वर पडद्यावर तशीच उभी होती, एंटरची वाट बघत. हातात यादी होती. स्टेशनरीचं काउंटर म्हणजे जाळीची एक खिडकी, आणि खिडकीमागे बाई. केस पिकले होते, चष्मा जाड झाला होता. समोर डिझेल विभागाचा एक कारकून तावातावाने बोलत होता.

"बाई, नवं पेन मागतोय, किडनी नाही."

"किडनी चालेल. तिला जुनी जमा करावी लागत नाही," बाई म्हणाल्या. "पेनाला लागतं. नियम माझा नाही."

कारकून बडबडत गेला. बाईंनी खिडकीतून पाहिलं. "ये रे. आज काय, कागद संपला?"

"बाई, जरा बोलायचं होतं."

"बोल की. खिडकी त्यासाठीच आहे."

त्याने काल रात्रभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडातून निघेना. शेवटी त्याने यादी जाळीखालून आत सरकवली आणि दहाव्या ओळीवर बोट ठेवलं.

बाईंनी चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ नेला. वाचलं. कागद खाली ठेवला. परत उचलला.

"तात्पुरता," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी."

"हो."

"हार्डपण चार?"

"हो. चुकून. सॉफ्टच द्यायचं होतं."

"यंत्र रिकामं असलं तरी?"

"तरी."

"पंचवीसपट," बाई म्हणाल्या. थोडा वेळ त्यांचे ओठ हलत राहिले. "म्हणजे रोज शहाऐंशी. बरोबर आहे. शहाऐंशीच यायला पाहिजेत. बघ, यंत्र किती प्रामाणिक असतं."

"बाई, मी खरंच विसरलो होतो. काल यादी काढली तेव्हा..."

"यादी बघायला मला दोन सेकंद लागले असते. परवानगीसुद्धा नको."

"मग का नाही बघितलीत?"

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने जुनं पेन न देता नवं मागितलं होतं.

"तू नाही म्हणालास ना."

वर कुठेतरी पाइपमधून पाणी गेलं. बाईंनी खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावली, कुलूप घातलं आणि बाहेर आल्या.

"यंत्र कितीला बंद करताय?"

"पाचला."

"आत्ता अडीच होतील. चल. लिमिट काढ, मला बघायचंय."

थंड खोलीत त्या आठ वर्षांनी आल्या. त्याने आपला स्वेटर पुढे केला; त्यांनी घेतला नाही. त्याने क्लासची हार्ड लिमिट चाराची शंभर केली, सॉफ्टही शंभर. दोन आकडे. प्रोग्राम अजून होता तिथेच होता. यंत्र कोणाचं काही फेकत नाही. बाईंनी स्वतः सुरू केला आणि मागे उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

पाचव्या मिनिटाला वीस टक्के. बाराव्याला अठ्ठेचाळीस. शहाऐंशी आले तेव्हा बाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. सत्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. त्यांचा श्वास सिस्टीमवाल्याला मानेवर जाणवला. पंचविसाव्या मिनिटाला शंभर झाले आणि पडद्यावर तीन हजार ड्रायव्हरांच्या ड्युट्या ओळीने उतरल्या.

बाई वाकून वाचू लागल्या. एक पान, दुसरं पान. तिसऱ्यावर थांबल्या.

"चारशे बारा नंबरचा ड्रायव्हर," त्या म्हणाल्या, "सकाळी सहाला दोन बस चालवतोय. एक उत्तरेला, एक दक्षिणेला."

सिस्टीमवाल्याने पाहिलं. खरंच होतं. पुढे पाहिलं तर चारशे बारासारखे अजून एकोणसाठ निघाले. एका माणसाला तर वेळापत्रकाने एकाच वेळी तीन डेपोंत नेमलं होतं आणि वर जेवणाची सुट्टीही दिली होती.

आणि त्याच क्षणी त्याला हलकं वाटलं. आठ वर्षांचं नाही, कालपासूनचं ओझं, पण उतरलं. दाढ निघाल्यावर वाटलं होतं तसं. आवरायच्या आत तोंडातून निघून गेलं: "म्हणजे तसंही चाललं नसतंच की, बाई."

बाईंनी पडद्यावरून नजर काढली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"बरं वाटलं?"

तो खुर्चीत सरकून बसला.

"वाटू दे. ऊठ त्या खुर्चीतून."

बाई बसल्या. त्यांची बोटं सुरुवातीला अडखळली, अक्षरं शोधू लागली, मग सापडली. तो आता मागे उभा होता. साडेतीनला त्यांना ती जागा मिळाली. मध्यरात्र ओलांडणाऱ्या ड्युटीला प्रोग्राम दुसऱ्या दिवसाची समजत होता. एका डेपोवर तपासलं तेव्हा रात्रीच्या बसच नव्हत्या. चूक दिसायला सगळे ड्रायव्हर लागत होते, आणि सगळे ड्रायव्हर शेवटच्या चौदा टक्क्यांनंतरच पडद्यावर येत होते. त्यांनी एक ओळ खोडली, दोन लिहिल्या. परत सुरू केलं. चार वाजून दहा मिनिटांनी तीन हजार शंभर ड्रायव्हर प्रत्येकी एकाच ठिकाणी होते आणि दोन पाळ्यांच्या मध्ये कोणी चाळीस मिनिटांपेक्षा जास्त बसत नव्हतं.

त्याने न राहवून वडिलांचा नंबर शोधला. सकाळी सहा ते दुपारी दोन. सलग.

"एक दुपार," बाई म्हणाल्या. "नुसतं शेवटपर्यंत चालू दिलं असतंस, तर मी एका दुपारी ही चूक काढली असती. तेव्हा तर डोळेपण चांगले होते."

पाऊण तासाने दारात साहेब आले, मागे यंत्राच्या निरोपाचा फोटो काढायला फोटोवाला. "अरे वा, बाई! तुम्ही इकडे? उत्तम. फोटोत जुनी माणसं पाहिजेतच."

सिस्टीमवाल्याने यादीच्या तीन प्रती पुढे केल्या. तात्पुरता क्लास दहाव्या ओळीत होता तसा होता. लिमिट त्याने पुन्हा होती तशी करून छापली होती. "साहेब, दहावी ओळ वाचा. बाईंचा प्रोग्राम त्या दिवशी मी अडवला होता. समितीपुढे चालला नाही तो माझ्यामुळे. आणि तो चालतो, साहेब. हे बघा, आत्ता काढलंय." त्याने ड्युट्यांचे कागदही दिले.

साहेबांनी कागद चाळले. त्यांना समजत नव्हतं असं नाही. ते एका पानावर दोनदा परत आले. "चाळीस मिनिटं? सगळ्यांना?"

"सगळ्यांना," बाई म्हणाल्या.

"छान आहे. फारच छान." साहेबांनी कागद परत दिले. "फक्त पॅकेजचा करार परवाच वाढवलाय. दहा वर्षं. आधी बोलला असतास तर." मग त्यांनी यादीच्या तिन्ही प्रतींवर दहावी ओळ न वाचता सह्या केल्या. "आणि तू घाबरू नकोस. प्रामाणिक माणूस पाहिजेच मला नव्या यंत्रावर. आठ वर्षांपूर्वीचं कोण विचारतंय?"

साहेब फोटोसाठी जागा ठरवायला बाहेर गेले. सिस्टीमवाला जिन्यापर्यंत बाईंच्या मागे गेला.

"बाई, शिव्या तरी द्या."

"कशाला? तुझी सोय व्हायला?" बाई कठड्याला धरून थांबल्या. "दोन महिने मी माझ्यात चूक शोधली. सापडली नाही, तेव्हा असं ठरवलं की चूक आहेच, फक्त ती दिसण्याइतकी अक्कल मला नाही. मग तसंच धरून चालले. घरी भाजीत मीठ घातलं तरी नवऱ्याला विचारते, घातलं ना रे मी? आठ वर्षं. आता तू येऊन सांगतोस, चूक तुझी होती. बरं. ऐकलं." त्यांनी चष्मा पुसला. "पण आज रात्रीही मी नवऱ्याला मिठाचं विचारणारच आहे. मला माहितीये."

खालून कोणीतरी स्टेशनरीच्या जाळीवर नाणं वाजवत होतं. बाई "आले, आले" म्हणत उतरल्या. वर साहेब हाका मारत होते, की पाचला दोन मिनिटं कमी आहेत आणि बटण कोण दाबणार, तूच ना.